चिवटपणाचे मार्क

सिंगापूरहून परत येऊन बरेच महिने झाले, तरी आमच्या सोसायटीतल्या बायका अजून विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी सांगते की विमानतळ चकचकीत आहे, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही आणि झाडंसुद्धा भांग पाडल्यासारखी उभी असतात. एवढं ऐकलं की त्या समाधानाने घरी जातात. खरं म्हणजे मी तिथे काही पाहायला गेलेच नव्हते. आग्नेय आशियातल्या निर्वासितांवर पूर, आग, वादळ कोसळतं तेव्हा ते कसे तग धरतात, त्यांचं मन कसं टिकतं, यावर तिथे दोन दिवसांची परिषद होती आणि मला तिचं बोलावणं आलं होतं.

आता गंमत अशी की त्या देशात निर्वासितांना थारा नाही. आमचा देश लहान आहे, आम्हाला ते झेपणार नाही, असं ते कधीपासून उघड सांगतात, लपवाछपवी काही नाही. निर्वासितांवरच्या परिषदेला मात्र कसलीच आडकाठी नव्हती. उलट तिच्यासाठी पंचतारांकित पद्धतीचं जेवण, कापडी पिशव्या आणि वातानुकूलित सभागृह असा सगळा थाट होता. ज्यांच्याविषयी बोलायचं ते सोडून बाकी सगळ्यांची सोय झाली होती.

मला बोलावणं आलं ते केतकीमुळे. केतकी माझ्या धाकट्या भावाची मुलगी, पुण्याची, डॉक्टरेट झाल्यावर गेली दोन वर्षं तिथल्या एका विद्यापीठात संशोधन करत होती. सीमेवरच्या छावण्यांमधल्या लोकांचं बरं चाललंय की नाही, हे मोजायची एक प्रश्नावली तिच्या गटाने तयार केली होती. मी सोलापूरला तीस वर्षं समाजकार्य शिकवलं, मराठवाड्यातल्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेड्समधून हिंडले. त्यामुळे "प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती" म्हणून माझी वर्णी लागली. पंगतीत शोभेला एक तरी वडीलधारं माणूस लागतं, तेवढंच माझं महत्त्व.

बुधवार, बुकित पंजांग

विमानातून उतरले तेव्हा बाहेर काही दिसेना. मला वाटलं चष्मा मळला. तो पुसला, तरी तेच. शेजारच्या इंडोनेशियात जंगलं जळत होती आणि तो सगळा धूर वाऱ्याने या टापटिपीच्या शहरावर आणून ओतला होता. त्या वर्षीचा सप्टेंबर असा गेला. लोक तोंडाला मास्क लावून हिंडत होते आणि दर तासाला मोबाईलमध्ये हवेचा आकडा बघत होते. आकडा वाढला की सगळे गंभीर व्हायचे, उतरला की छातीभर श्वास घ्यायचे. हवा मात्र दोन्ही वेळेला सारखीच कडवट लागायची.

केतकी बुकित पंजांगला सरकारी वसाहतीतल्या बाराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होती. घरमालकीण सत्तरीच्या पुढची चिनी बाई. सगळे तिला आंटी म्हणत, म्हणून मीही म्हटलं. दारातच तिने मला विचारलं, "ईट ऑलरेडी?"

मी सकाळपासून उपाशी होते. विमानातलं सँडविच मला गिळवलं नव्हतं. तरी मी तोंडभर हसून म्हटलं, "यस, यस." चपला काढायच्या आधी कुणी भूक लागली म्हणून सांगतं का? आपल्याकडे कुणी "जेवलात का?" विचारलं तर "हो, आत्ताच झालं" हे उत्तर आधीच ओठांवर असतं, पोटात काही का असेना.

आंटीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि केतकीकडे वळून म्हणाली, "युवर आंटी से ईटन. मीन्स नॉट ईटन, लाह." (तिथे वाक्याच्या शेवटी असं 'लाह' लावतात.) आणि आत निघून गेली. दहा मिनिटांत तिने वाफाळती पेज आणली. आपण तापातल्या माणसाला देतो तसलीच, वर तळलेले शेंगदाणे आणि हिरवी पात. मी शाकाहारी असल्याचं केतकीने आधीच सांगितलं होतं. मी दोन वाट्या संपवल्या. तिसरीला "नको, नको" म्हटलं तर आंटीने तीही वाढली.

"आत्या, तू तिला खोटं कशाला सांगितलंस?" केतकीने नंतर विचारलं.

"खोटं कसलं? रीत असते ती," मी म्हटलं आणि तिथेच विषय संपवला. त्या बाईला जे एका नजरेत कळलं ते पुढचे दोन दिवस भल्याभल्यांना कळलं नाही, आणि त्या भल्यांमध्ये मीही होते.

गुरुवार, पाया लेबार

पाया लेबारला एका ऑफिसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर परिषद होती आणि खाली मॉल. दारातच एक कापडी पिशवी मिळाली. तिच्यात वही, पेन आणि स्पंजाचा एक चेंडू. ताण आला की दाबायचा, असं त्यावर लिहिलेलं होतं. सभागृहातला एसी इतका गार की सगळे स्वेटर घालून बसले होते. मी सोलापूरची बाई, शाल लपेटून कोपऱ्यात बसले. बाहेर दमट उकाडा आणि आतली माणसं उष्ण प्रदेशातल्या पुराविषयी कुडकुडत बोलत होती.

परिषदेचे प्रमुख एका थंड देशातून आलेले प्राध्यापक होते. उंच, देखणे, आवाज भारदस्त. छावणीत आग लागली तरी लोक कसे पुन्हा उभे राहतात, यावर त्यांनी आयुष्य घालवलेलं. पण त्या दिवशी स्वारीचं लक्ष धुराकडे होतं. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, हॉटेलातल्या खिडकीच्या फटीतून वास येतो, रात्रभर झोप नाही. ही तक्रार त्यांनी स्वागताच्या भाषणात केली, चहाच्या वेळी केली, जेवताना केली. शेवटी आयोजकांनी हवा शुद्ध करणारी दोन यंत्रं आणून त्यांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना ठेवली. लग्नातल्या समयांच्या मधोमध बसल्यासारखे ते दिवसभर तिथे बसून होते.

दुपारी बागेत आरोग्यदायी चालण्याचा कार्यक्रम होता. धुरामुळे तो रद्द झाला. त्याऐवजी एका बाईंनी आम्हा सगळ्यांच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. पाच मिनिटं तो नुसता पाहायचा, मग हुंगायचा, मग सावकाश चघळायचा. म्हणजे मन शांत होतं. मी तो पहिल्याच मिनिटाला खाऊन टाकला. बाईंनी हसून दुसरा दिला, तोही मी खाल्ला. तिसरा त्यांनी दिला नाही.

त्यानंतर केतकीच्या गटाचा तक्ता पडद्यावर आला. एकेका छावणीचं नाव आणि तिच्यासमोर लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. लढाईमुळे देश सोडून सीमेपलीकडच्या डोंगरात आलेल्या करेन जमातीच्या लोकांच्या एका छावणीपुढे ठसठशीत हिरवा होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथे नदी छावणीत शिरली, बांबूची घरं वाहून गेली. तरी प्रश्नावलीत लोकांनी सांगितलं होतं की आम्ही बरे आहोत, खायला पुरतं, झोप लागते, शेजारीपाजारी मदत करतात. प्राध्यापक उभे राहून म्हणाले, "हा मानवी चिवटपणाचा विजय आहे." टाळ्या पडल्या. तक्ता केतकीने बनवलेला, म्हणून मीही वाजवल्या. आमच्या घरातली मुलगी परदेशात नाव काढतेय, हा अभिमान मला आवरला नाही.

मग गळ्यात चष्मा अडकवलेल्या एक बाई बोलायला उठल्या. ज्या संस्थेच्या पैशावर हे सगळं चालायचं, तिच्या त्या प्रतिनिधी. लाल छावण्यांना जास्त मदत द्यायची, तर हिरव्यांची थोडी कमी करावी लागणार, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. हिरव्या छावण्या आता "स्वावलंबनाच्या टप्प्यात" जातील. त्या करेन छावणीपुरतं याचा अर्थ एवढाच होता की बालवाडीत मुलांना मिळणारं दुपारचं जेवण पावसाळा संपला की बंद. ठराव दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायचा होता. म्हणजे तिथल्या पोरांनी काय खायचं हे बेदाणे चघळणाऱ्या मंडळींच्या हातात होतं.

संध्याकाळी फ्लॅटवर मी केतकीकडून प्रश्नावली मागून घेतली. सवयच आहे मला, कुणाचाही कागद दिसला की वाचायची. सातवा प्रश्न होता, गेल्या आठवड्यात घरात कुणाला उपाशी राहावं लागलं का?

"हे विचारलं कुणी?" मी म्हटलं.

"आम्हीच. भाषेसाठी छावणीतल्या दोन बायका बरोबर होत्या."

"घरात जाऊन?"

"हो, घरोघरी. फार अगत्याचे लोक आहेत ग आत्या. आत बोलवायचे, चटई टाकायचे, पाणी दिल्याशिवाय बोलायला सुरुवात नाही. आणि सगळ्यात आधी विचारायचे, भात खाल्लास का? त्यांच्यात भेटल्यावर तसंच विचारतात."

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"हो, खाल्ला म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?"

ती भांडी विसळत होती. मी त्या सातव्या प्रश्नावर बोट ठेवून बसून राहिले. मला एका पातेल्याची आठवण झाली होती आणि ती झाल्याचं मी केतकीला सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

शुक्रवार, पुन्हा पाया लेबार

परिषदेत खुद्द निर्वासित म्हणता येईल अशी एकच व्यक्ती होती आणि तीही पडद्यावर. त्याच हिरव्या छावणीतल्या बालवाडीची शिक्षिका, नॉ पॉ वा. "नॉ" हे करेन बायकांच्या नावाआधी लावतात. छावणीबाहेर पडायला तिच्याकडे कागदपत्रं नव्हती, मग सिंगापूरला यायचा प्रश्नच कुठे आला? छावणीत टेकडीवरच्या शाळेत जरा सिग्नल मिळायचा, तिथून ती बोलणार होती. जेवणाआधीची अकरा मिनिटं तिला दिली होती. बेदाण्याला पाऊण तास दिला होता.

पडदा हलला, थिजला, पुन्हा हलला आणि चाळिशीची एक बाई दिसू लागली. केस घट्ट बांधलेले, मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. इंग्रजी सावकाश बोलायची पण स्वच्छ. तिने नमस्कार केला आणि आधी आम्हालाच विचारलं, "तुमच्याकडे धूर झाला आहे असं ऐकलं. आम्हाला काळजी वाटली. तुम्ही सगळे बरे आहात ना? जेवलात?"

प्राध्यापकांनी दोन यंत्रांच्या मधून पुढे वाकून हसत सांगितलं, "आम्ही अगदी मजेत आहोत, आभारी आहे. सगळं उत्तम चाललंय."

मला आधी हसू आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

नॉ पॉ वा म्हणाली, "तुम्ही आम्हाला फार चांगले मार्क दिलेत, त्याबद्दल धन्यवाद. मी शिक्षिका आहे. चांगले मार्क मिळाले की मुलं खूश होतात, तसे आम्हीही झालो." मागे पाऊस वाजतच होता. "पण मला एक विचारायचं आहे. आम्हाला थोडे कमी मार्क देता येतील का?"

सभागृहात काही जण कौतुकाने हसले. किती गोड बोलते, असा भाव होता. प्राध्यापकांनी समजूत घातली की हे मार्क कुणी दिलेले नाहीत, छावणीतल्या लोकांनीच दिलेल्या उत्तरांमधून ते आले आहेत. तुमचेच शब्द आहेत, आम्ही फक्त बेरीज केली.

"हो, ते खरं आहे," ती म्हणाली आणि खाली बघू लागली. आपल्याच शेजाऱ्यांना परक्यांसमोर खोटं कसं पाडणार? तिचीही पंचाईत होती. तेवढ्यात त्या सत्राच्या अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि आभार मानायला सुरुवात केली.

मी उठून उभी राहिले. माईक मागितला नाही. तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवलेला आहे. माझं इंग्रजी सोलापूरचं, तेव्हा व्याकरण त्या दिवशी बाजूला ठेवलं.

"सर," मी म्हटलं, "कालपासून तुम्ही मला सतरा वेळा सांगितलंत की तुमचा घसा दुखतो, डोळे चुरचुरतात, झोप येत नाही. या बाईंनी विचारलं तर म्हणालात मजेत आहे. आता मी तुमच्यापुढे हिरवा रंग भरते आणि ही दोन यंत्रं उचलून नेते. तुमचेच शब्द आहेत, मी फक्त बेरीज केली."

मोठा हशा झाला. प्राध्यापकही हसले, पण उशिरा. मी तेवढ्यावर बसायला हवं होतं, म्हणजे माझी वाहवा झाली असती. पण मला ते पातेलं स्वस्थ बसू देईना.

मग मी सांगितलं. भूकंपानंतर मराठवाड्यातल्या एका गावात लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि सगळ्यांसाठी एक सामुदायिक भटारखाना चालायचा. तो अजून लागतो आहे की बंद करायचा, हे पाहायला मला पाठवलं होतं. हातात फॉर्म होते. एका शेडमध्ये सोनाबाई नावाची म्हातारी एकटी होती. तिने मला पोत्यावर बसवलं. मी विचारलं, जेवलात का, पोटभर मिळतं का? ती म्हणाली, "जेवले की बाई आत्ताच. तुमीच बसा, च्या ठिवते." ती बोलत असताना मला तिची चूल दिसत होती. राख झाडून काढलेली, आणि चुलीवर पातेलं पालथं घातलेलं. बाजूला खरकटं भांडं एकही नाही. मला ते दिसलं. माझ्या फॉर्मवर पातेल्याला जागा नव्हती आणि अजून पुष्कळ घरं बाकी होती. मी लिहिलं, अन्न पुरेसे. गावात सगळीकडे मी तेच लिहिलं, कारण सगळ्यांनी तेच सांगितलं. पंधरवड्यात भटारखाना बंद झाला.

"सोनाबाईचं पुढे काय झालं?" गळ्यात चष्मा असलेल्या बाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी परत गेलेच नाही."

प्राध्यापकांनी घसा साफ केला. अतिशय मोलाचा सांस्कृतिक मुद्दा पुढे आला आहे, म्हणाले, आणि अहवालाच्या शेवटी "मर्यादा" या सदरात त्याची नक्की नोंद घेऊ. विद्वान माणसाला कुठे काय पुरायचं ते बरोबर माहीत असतं.

पडद्यावरच्या बाईचा सगळ्यांना विसर पडला होता. पण ती गेली नव्हती. पत्र्यावरच्या पावसातून तिचा आवाज आला, "म्हणजे मार्क कमी होतील?"

मग आवाज आला तो केतकीचा. ती मागच्या रांगेत उभी होती, कान लाल झालेले. "तक्ता मी बनवला आहे," ती म्हणाली. "तो मी मागे घेते. मला पुन्हा जाऊन बघायचं आहे." चष्म्याच्या बाईंनी वहीत काही खोडलं, काही लिहिलं आणि जाहीर केलं की नव्याने पाहणी होईपर्यंत बालवाडीतलं जेवण चालू राहील. नॉ पॉ वाने मान लववली. मग चित्र थिजलं आणि आम्हाला जेवायला बोलावण्यात आलं. त्या दिवशी सात प्रकारची पक्वान्नं होती.

शनिवार, बेडोक

केतकी माझ्याशी बोलत नव्हती. पाहुणीला शहर दाखवायचं म्हणून ती मला बेडोकच्या हॉकर सेंटरला घेऊन गेली, पण एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, खिडकीतून बाहेर बघत बसली. धूर जरा विरळ झाला होता. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पन्नास गाळे आणि मधे टेबलं. तिथली एक रीत मला फार आवडली. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं एक पाकीट ठेवायचं आणि खुशाल खायला आणायला जायचं. परत येईपर्यंत ते टेबल तुमचं, कुणी हात लावत नाही. आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो तसंच, फक्त आपल्याकडे त्यावरून मारामारी होते. टिश्यूच्या पाकिटाला या देशात जो मान आहे, तो सीमेवरच्या माणसाला कुठल्याच देशात नाही, असं मी केतकीला म्हटलं. ती हसली नाही.

तिने माझ्यासाठी चेंडॉल आणलं. नारळाच्या दुधात गूळ आणि हिरव्या शेवया, वर किसलेला बर्फ. कोकणातल्या शिरवाळ्यांची बहीणच. मी चमचा घातला तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तू मला गुरुवारीच सांगू शकली असतीस. भर सभेत मला कळलं. सहा महिने मी त्या छावणीत जात होते."

"सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"मग का नाही सांगितलंस?"

"तुझ्यासमोर मी कायम मोठी समाजसेविका. तुला लहानपणी भूकंपाच्या गोष्टी सांगायचे ना, त्यात सोनाबाई कधी नव्हती. बावीस वर्षं मी तिची गोष्ट कुणाच्याच कानावर घातली नाही. परक्यांसमोर बोलणं सोपं गेलं, तुझ्यासमोर जमलं नाही."

ती बर्फ ढवळत म्हणाली, "मलाही दिसलं असणार ग. काहीतरी दिसलंच असणार. आठवतच नाही, एवढी मी कागदात डोकं घालून होते."

"परत कधी जाणार?"

"पावसाळा संपल्यावर. पण प्रश्न काय विचारू? तेच लोक, तीच उत्तरं देतील."

"विचारू नकोस काही. सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला जा आणि चुलीकडे बघ."

तिने माझ्या भांड्यातल्या शेवया चमच्याने आपल्याकडे ओढल्या. लहानपणापासून ती रुसवा असाच काढते. त्याच संध्याकाळी मी परत निघाले. दारात आंटीने एक डबा हातात दिला. या वेळी तिने काही विचारलंच नाही.

सोलापूर

नोव्हेंबर संपता संपता केतकीचा फोन आला. छावणीतलं काम आटोपून ती सीमेवरच्या गावात उतरली होती. आधी मी जेवणाचं विचारलं. बालवाडीतलं जेवण चालू राहणार, निदान पुढचं वर्षभर तरी, असं ती म्हणाली. त्यानंतरचं कुणी सांगावं? अशा ठरावांना आयुष्य कमीच असतं. हे लिहीपर्यंत तरी ते बंद पडलेलं नाही.

"तू म्हणालीस तसंच केलं," केतकी सांगत होती. "सकाळी गेले. प्रत्येक घरात विचारायचे, भात खाल्लास का? मी हो म्हणायचे आणि बसायचे. शेवटी नॉ पॉ वाच्या घरी गेले. तोवर मला चक्कर यायला लागली होती, पहाटेपासून मी काहीच खाल्लं नव्हतं. तिनेही विचारलं. मी म्हटलं, हो, आत्ताच खाल्ला."

"मग?"

"ती नुसती बघत राहिली. मग हसली. म्हणाली, तुलाही येतं की हे. मला बसायला सांगून शेजारच्या घरी गेली आणि ताट घेऊन आली. भात आणि मिरचीची चटणी. आत्या, ते तिच्या घरचं नव्हतं. उसनं आणलेलं होतं."

"खाल्लंस ना?"

"खाल्लं. ती समोर बसून होती, कसं टाकणार?"

मी विचारलं, "आणि कागदावर काय लिहिलंस?"

"चुलीवर पातेलं पालथं होतं," केतकी म्हणाली. "एवढंच लिहिलं."